रत्नावलीच्या पाठीवर

वल्लरी विजयकरचा यात फायदा काय, हे आम्ही कठड्यावरच्या मंडळींनी घोडी आली त्या पहिल्याच सकाळी चहा पिता पिता मांडून पाहिलं. जमेला एकच बाब निघाली: स्वतःचा घोडा. पण ती बाब लहान नव्हती. शाळेत असल्यापासून ही मुलगी गिरगावातून शिवडीला आमच्या रायडिंग क्लबात येत होती आणि कायम दुसऱ्याच्या घोड्यावर बसत होती. मालक परदेशी गेला की त्याचा घोडा, मालकाची कंबर धरली की त्याचा घोडा. मोठी होऊन ती परळच्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्ट झाली, तेव्हापासून तर कुठल्या मालकाची कंबर कधी बरी होणार हे तिला मालकाच्या आधी कळायचं, आणि त्या बेतानंच ती त्याच्या घोड्याला जीव लावायची. कमी मुदतीची ठेव, दुसरं काय.

खर्चाच्या बाजूला झोप, सुट्ट्या आणि हाडं. तिथं आम्ही आकडा घातला नाही, जागा मोकळी ठेवली.

घोडी आली ती तिचे आजोबा अण्णा विजयकर यांच्यामुळे. अण्णा म्हणजे निवृत्त सॉलिसिटर. वयाची ऐंशी कधीच ओलांडलेली, ऐकू कमी येतं आणि ऐकून घेणं त्याहून कमी. पुण्याकडे घोड्यांची पैदास करणाऱ्या एका मित्राचं भाऊबंदकीचं भांडण त्यांनी फी न घेता मिटवलं. मित्रानं उपकार फेडायला तीन वर्षांची तांबूस घोडी धाडली, पांढऱ्या पायमोज्याची, लांब पायांची. अण्णांनी नाव ठेवलं रत्नावली.

"येवढ्या लांब नावान हाक मारीसर घोडी शिवडीसून शीवाक पोचतली," दत्ताराम म्हणाला.

दत्ताराम घाडी हा आमचा मोतद्दार, तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, आजारपण बघणारा. राहायला लालबाग, गाव मालवणकडे, आणि बोलणं दोन्हींच्या मधलं. आपल्याएवढं घोड्यातलं मुंबईत कोणाला कळत नाही असं तो दिवसातून दोनदा तरी सांगायचा, आणि सुट्टीच्या दिवशी शेजाऱ्यांना. त्यानं घोडीला 'बाय' म्हणायला सुरुवात केली. घोडीनं रत्नावली या नावाला कधी कान हलवला नाही. 'बाय' म्हटलं की मान वळायची.

तिच्या पाठीवर तोवर माशीशिवाय कोणी बसलं नव्हतं. अशा कोऱ्या घोड्याला खोगिराची आणि स्वाराची सवय लावायची तर आमच्याकडे नाव एकच: दादरच्या अंबिकाबाई गुप्ते. उभा जन्म कोरे घोडे घडवण्यात गेला. आमचा क्लब म्हणजे बंदराकडच्या एका जुन्या कापूस गोदामाचं आवार. भिंती आहेत, छप्पर नाही, मध्ये तांबड्या मातीचं लांबट चौकोनी रिंगण, मागं चिखलाची खाडी. त्या रिंगणात बाई "पाठ सरळ! टाच खाली!" म्हणून ओरडल्या की कठड्यावर चहा पिणारा माणूससुद्धा ताठ व्हायचा.

बाईंचे दोन्ही गुडघे मागच्या वर्षी बदलले आणि त्या गुडघ्यांना पुन्हा चालतं केलं ते वल्लरीनं. इस्पितळात वल्लरी म्हणायची, "अजून एकदा," आणि बाई शिव्या देत पाय उचलायच्या. रिंगणात याच्या उलट.

"तिथं मी तुला प्रश्न विचारला का?" बाई म्हणायच्या.

"बाई, तुम्ही दुसरं काही केलंच नाही."

"पण पाय उचलला की नाही? तसं."

या कराराला दोघी पक्क्या होत्या. मोडला तो एकदाच, त्याची गोष्ट पुढे येते.

पहिला महिना घोडीला लांब दोरीवर गोल फिरवण्यात गेला. बाईंच्या गुडघ्यांना मातीत उभं राहणं झेपेना, म्हणून दोरी दत्तारामच्या हातात आणि बाई खुर्चीवर. दत्तारामनं आपल्या भाषेत घोडीला चाली शिकवल्या. चालायचं असेल तर "चल गो बाय." दुडकी हवी तर "पाय उचल, पाय उचल." दुडकीच्या पुढची, लाटेसारखी उचलत नेणारी चाल, जिला क्लबात सगळे कॅन्टर म्हणतात, ती हवी असली की तो छाती भरून ओरडायचा, "धाव गो बाये! धाव! वडो देतंय!" आणि थांबायला "रव गो, रव." वडा तिला कधी मिळाला नाही. गाजर मिळायचं, पण घोडीनं त्याबद्दल तक्रार केली नाही.

"बाई, हे असंच शिकवायचं?" वल्लरीनं हळूच विचारलं.

"शब्द कुठलाही असू दे, रोज तोच हवा. कोऱ्या घोड्याला आधी आवाज कळतो. तू पाठीवर बसलीस की हाच आवाज द्यायचा आणि त्याच वेळी पाय लावायचा. मग हळूहळू पायाचाही अर्थ तिला लागतो."

"म्हणजे मी असं ओरडायचं? वडो?"

"नको. तू तिला पत्र पाठव."

कठड्यावर हशा झाला. वल्लरीही हसली, पण कानांपर्यंत लाल झाली. विजयकरांच्या पाठारे प्रभू घरात आवाज चढवणं म्हणजे फार तर दुसऱ्यांदा सांगणं.

हशात सगळ्यात मोठा वाटा देवदत्त धुरंधरचा होता. हा वल्लरीचा मामेभाऊ आणि तबेला समितीचा चिटणीस. त्याच्याकडे एक उत्तम घडवलेला घोडा होता, दुसरा बंगळूरहून यायचा होता, आणि तबेल्यात जागा उरली नव्हती. रत्नावली बांधली जायची त्या खणाकडे तो ज्या नजरेनं बघायचा ती नजर आम्हाला परिचयाची होती. आमच्यातले काही जण लग्नाच्या जेवणावळीत खुर्चीमागे उभे राहून तसेच बघतात.

मग दसरा आला.

बाई पुण्याला गेल्या होत्या, एका स्पर्धेत गुण द्यायला. जाताना बजावून गेल्या: "पाठीवर घोंगडी टाका, काढा, पुन्हा टाका. खोगीर मात्र मी आल्याशिवाय नाही."

दसऱ्याला तबेल्यात सगळ्या घोड्यांची पूजा होते, झेंडूच्या माळा, आपट्याची पानं, पेढे. अण्णा तरुणपणी घोड्यावर बसत. त्या वेळचं त्यांचं खोगीर त्यांनी माळ्यावरून काढून, तेल लावून, गाडीत घालून आणलं.

"अण्णा, बाई नको म्हणाल्यात," वल्लरी म्हणाली.

"काय म्हणाली अंबिका? नेमके शब्द सांग."

"खोगीर चढवायचं नाही."

"आपण चढवतोय कुठे? पूजेपुरतं ठेवतोय. ठेवणं वेगळं, चढवणं वेगळं. कुठल्याही कोर्टात सांगेन मी."

"पण अण्णा..."

"साडेतीन मुहूर्तांतला एक मुहूर्त आहे, वल्लू. अंबिका आली म्हणून परत येणार नाही तो."

वल्लरीनं दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामनं आभाळाकडे पाहिलं. मुहूर्ताच्या विरोधात बोलायची त्याचीही तयारी नव्हती, घोड्यातलं कितीही कळत असलं तरी. खोगीर घोडीच्या पाठीवर गेलं. पोटाखालून आवळायचा पट्टा, ज्याला तंग म्हणतात, तो नुसता अडकवला. पूजेपुरतं खोगीर, पूजेपुरता तंग. कुंकू लागलं, माळ पडली, घोडीनं माळेतले दोन झेंडू खाल्ले. सगळे कौतुकानं हसले. आणि अण्णांनी तिच्या पुढ्यातल्या दगडावर नारळ फोडला.

घोडी जागच्या जागी उडाली. सैल खोगीर गरकन फिरलं आणि पोटाखाली लटकलं. आता घोडीच्या दृष्टीनं पाहा: स्फोट झाला, आणि कोणीतरी पोटाला येऊन चिकटलं. ती लाथा झाडत पळाली, लाकडी कठडा मोडला, फाटकातून बाहेर पडली आणि खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतली. दत्ताराम नव्या पँटीसकट चिखलात उतरला. तो तिच्यापाशी पोचेपर्यंत अण्णांच्या खोगिराचे दोन तुकडे झाले होते.

घोडीला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. पण दुसऱ्या दिवसापासून खोगीर नुसतं दिसलं तरी तिला घाम फुटायचा.

बाई परत आल्या. आम्ही सगळे आवाजाच्या तयारीत होतो. त्यांनी घोडीचे पाय चाचपले, पाठ चाचपली, आणि अगदी हळू विचारलं, "नारळ गोड निघाला का?"

आम्ही सगळे अण्णांकडे पाहू लागलो.

"चूक माझी आहे," वल्लरी म्हणाली. "मी नाही म्हणायला हवं होतं."

"हो. उद्या पहाटे ये. आणि अण्णा, तुम्ही फाटकाच्या बाहेर. रिंगण दिसेल इतक्या जवळसुद्धा नाही."

"किती दिवस?" अण्णांनी विचारलं.

"घोडी हो म्हणेपर्यंत. तिचं वकीलपत्र माझ्याकडे आहे."

त्या दिवसापासून अण्णा नातीला सोडायला यायचे आणि गाडीतच बसायचे, पेपर वाचत. पेपर उलटा आहे की सुलटा हे तपासायला आम्ही कधी गेलो नाही.

देवदत्तला इतका धीर नव्हता. आठवडाभरात त्यानं कठड्यापाशी येऊन सांगून टाकलं, "वल्लू, समितीचं ठरलंय. खण स्वारीच्या घोड्यांसाठी आहेत. जानेवारी संपायच्या आत ही पाठीवर माणूस घेऊन तिन्ही चाली दाखवेल, दोन्ही बाजूंनी, तर राहील. नाहीतर एक वरातीवाला तयार आहे, मी बोललोय त्याच्याशी. वरातीत काय, नुसतं चालायचं असतं."

"आणि फटाके?"

"होते सवय."

"देवादादा, ही नारळाला पळाली."

"म्हणूनच म्हणतो, स्वारीचं जनावर नाही हे."

वल्लरी घोडीच्या खणात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. जमेच्या बाजूला जी एकमेव बाब होती, ती आता वरातीत नवरदेव घेऊन बँडपुढे उभी राहणार होती, डोक्यावर फटाके फुटत असताना.

बाईंनी पुन्हा सुरुवात केली, पण जिथं बिघडलं तिथून केली नाही. पहिल्या दिवशी दत्तारामनं एक जुनं खोगीर खांद्यावर टाकलं आणि तो घोडीकडे पाठ करून चालू लागला. मागून वल्लरी घोडीला घेऊन. आवारभर ही मिरवणूक: पुढे खोगीर, मागे घोडी. देवदत्तनं विचारलं, "बाई, देवीची पालखी आहे का?"

"गप बस आणि बघ. ज्याला आपण घाबरतो ते आपल्यापासून पळायला लागलं तर काय होतं?"

होतं ते असं, की चार-सहा दिवसांत घोडी त्या खोगिराच्या मागे लागली. आधी लांबून, मग जवळून. शेवटी तिनं मान पुढे करून खोगिराचा पट्टा दातात धरला आणि ओढला. दत्ताराम मागच्या मागे बसला.

"गो बाये, सोड! माजा नाय ता, क्लबाचा आसा!"

बाई पहिल्यांदा हसल्या. "झालं. आता खोगीर तिचं आहे, आपलं नाही."

मग खोगीर पाठीवर ठेवलं, काढलं. तंग एक भोक आवळायचा आणि चालवायचं. पुन्हा एक भोक, पुन्हा चालवायचं. कुठल्याही कोर्टात टिकेल असा तंग. मग एके दिवशी बाई म्हणाल्या, "पड आडवी." वल्लरी पोत्यासारखी घोडीच्या पाठीवर आडवी पडली, डोकं एकीकडे, पाय दुसरीकडे, आणि दत्ताराम दोघींना चार पावलं फिरवून आणायचा. घोडी मागे वळून तिची चप्पट झालेली सलवार हुंगायची. प्रतिष्ठेच्या दृष्टीनं तो काळ फारसा चांगला नव्हता.

सरळ बसायचा दिवस आला तेव्हा खाडीत रोहित पक्षी आले होते आणि हवेत जराशी थंडी होती. वल्लरीनं रिकिबीत पाय ठेवला, पाय पलीकडे टाकला, बसली. आणि श्वास घ्यायचा विसरली. घोडीची पाठ धनुष्यासारखी वर आली.

"बोल!" बाई म्हणाल्या.

"काय बोलू?"

"काहीही. बोललीस की श्वास चालेल. तू श्वास अडवलास की तिला वाटतं कोणीतरी दबा धरून बसलंय. घरी आज जेवायला काय?"

"भा... भानोळं. कोलंबीचं."

"कसं करतात? सांग. थांबायचं नाही. दत्ताराम, चल."

"चल गो बाय," दत्ताराम म्हणाला आणि घोडीनं पहिलं पाऊल टाकलं.

"कोबी चिरायचा," वल्लरीचा आवाज कापत होता, "अगदी बारीक. कोलंबी सोलून... सोलून धुवायची. मग बेसन."

"बेसन?" दत्ताराम चालता चालता थांबणारच होता. "कोलंबीत बेसन? कोकम खंय?"

"कोकम नाही घालत, काका."

"अगो, कोकमाबगर कोलंबी! मगे नारळ तरी?"

"नारळाचं दूध. घट्ट. वरून. आणि मग वर-खाली निखारे ठेवून भाजायचं."

"पाटारे लोक कोलंबीचो केक करतत," दत्तारामनं घोडीला सांगितलं. "आयकलंस गो?"

वल्लरीला हसू आलं. ती हसली तशी घोडीची पाठ खाली गेली, मान लांबली, तिनं नाकातून मोठ्ठा फुरफुराट केला. भानोळं भाजून होईपर्यंत रिंगणाची फेरी पूर्ण झाली होती. वल्लरीला ते कळलंच नाही. बाईंनी सांगितलं तेव्हा तिनं खाली पाहिलं, आपण घोडीवर आहोत याची खात्री करून घेतली, आणि तिच्या मानेवर आडवी होऊन रडली. फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न एकदा वाजला. अण्णांना दिसत काही नव्हतं, पण त्यांना कोणीतरी फोन केला असणार. आम्ही कोणी कबूल झालो नाही.

पुढचे आठवडे भराभर गेले. घोडी चालायला शिकली, वळायला शिकली, दुडकी आली. दत्ताराम मध्ये उभा राहून आवाज द्यायचा आणि वल्लरी त्याच वेळी पाय लावायची. हे बाईंना मान्य नव्हतं.

"आवाज तुझा हवा. परीक्षेत तो मध्ये नसणार."

"मी म्हणते की."

"तू पुटपुटतेस. देवघरात बसल्यासारखी. मोठ्यानं."

"बाई, सगळे बघतात."

"बघणारे घोडीवर बसणार आहेत का? तिला लाज वाटत नाही, तुला कसली वाटते?"

पण हाडात मुरलेली रीत अशी जात नाही. वल्लरी ओठातल्या ओठात म्हणायची, पाय नीट लावायची, आणि दत्तारामच्या आवाजावर काम भागवायची. उजवीकडच्या वळणावर घोडी नुसत्या पायावर कॅन्टर करू लागली. डावीकडे मात्र दत्ताराम ओरडला तरच. वल्लरीनं ठरवलं की तेही पायानं होईल, शांतपणे, पुस्तकात असतं तसं.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी समितीचे तिघे खुर्च्या टाकून बसले. मध्ये देवदत्त. नियम त्यानंच वाचून दाखवला: स्वार आणि घोडा एवढेच आत, बाहेरून कोणी सूचना देणार नाही, कोणी आवाज दिला तर परीक्षा संपली. हे म्हणताना तो अंबिकाबाईंकडे बघत होता. दत्तारामला फाटकापाशी उभं केलं. अण्णांना त्या दिवशी आत यायची परवानगी मिळाली होती. ते बाईंच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून, कानातलं यंत्र पूर्ण वर करून.

चाल छान झाली. दुडकी त्याहून छान. घोडी कान पुढे करून अशी जात होती जणू शिवडी बंदर तिच्या नावावर आहे. उजवीकडून कॅन्टर मागितला, मिळाला. आम्ही कठड्यावरच्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले.

मग डावीकडे वळली. वल्लरीनं पाय लावला. घोडी दुडकीतच जोरात सुटली. पुन्हा लावला. आणखी जोरात दुडकी, खडखड, वल्लरी वर-खाली. एक फेरी, दुसरी फेरी. घोडी आज्ञाधारक होती. तिला फक्त कळत नव्हतं काय हवंय.

बाईंनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता. तोंड उघडलं आणि मिटलं.

"डावीकडून नाही येत वाटतं," देवदत्त म्हणाला. वाईट मनानं नाही. दुसऱ्याचं नुकसान होताना आपला फायदा होत असला की माणूस जसा मऊ बोलतो, तसा. तो उठला आणि आपली छडी कठड्यावरून पुढे केली. "घे ही. एक फटका. होईल काम, तूही सुटशील."

वल्लरी घोडी चालीवर आणून त्याच्यापाशी थांबली. छडीकडे पाहिलं. घोडीनंही पाहिलं, आणि तिची पाठ किंचित वर आली, दसऱ्यानंतर यायची तशी. फटका मारला तर खण राहणार होता. खणात जी घोडी उभी राहणार होती ती मात्र ही नसती.

"नको," वल्लरी म्हणाली.

ती पुन्हा कडेला गेली. दुडकी घेतली. आम्हाला तिचा चेहरा दिसला. इस्पितळात कोणाला तरी दुखणार आहे हे माहीत असताना असावा तसा चेहरा. फक्त या वेळी दुखणार होतं तिलाच. तिनं कोपऱ्यात डावीकडे वळता वळता पाय लावला, छाती भरली, आणि गिरगावातल्या विजयकरांच्या सात पिढ्यांत कोणी काढला नसेल असा आवाज काढला:

"धाव गो बाये! धाव! वडो देतंय!"

गोदामाच्या भिंतींनी तो दोनदा परत दिला. समितीतल्या एकांच्या हातातली बिस्किटं पडली. आणि घोडीनं एक कान मागे केला, 'असं होय, आधी का नाही बोललीस' म्हणावं तसा, मागचे पाय पोटाखाली घेतले आणि चाल उचलली. डाव्या कॅन्टरवर, लाटेसारखी. एक फेरी. वल्लरी थांबेना. दुसरी फेरी, आणि प्रत्येक कोपऱ्यावर वडा. तिसऱ्या फेरीला ती मोकळी हसत होती, केस सुटलेले, आवाज चढलेला, आणि घोडी नाक फुरफुरवत, शेपटी उचलून, सगळ्या आवाराला दाखवत चालली होती की हे मला येतं. फाटकापाशी दत्ताराम दोन्ही हात वर करून नाचत होता, पण तोंड घट्ट मिटून, कारण नियम.

"रव गो, रव." घोडी समितीपुढे येऊन चारी पायांवर चौकोनी उभी राहिली.

देवदत्तनं घसा साफ केला. "म्हणजे... झालं छान. पण आवाज द्यायचा नाही असा नियम..."

"बाहेरून," अण्णा खणखणीत म्हणाले. "बाहेरून सूचना नाही, असं तू वाचलंस. नेमके शब्द. स्वार बाहेर होता का? सांग. स्वार घोडीवर होता. कुठल्याही कोर्टात ये."

समितीतले बाकीचे दोघे तोवर टाळ्या वाजवून मोकळे झाले होते. देवदत्तनं मान डोलावली, आणि मग, हे त्याच्या जमेला लिहायला हवं, त्यानंही टाळ्या वाजवल्या. रत्नावली विजयकर, स्वारीची घोडी, खण कायम.

आता कोणी काय भरलं ते पाहू. देवदत्तचा खण गेला. बंगळूरचा घोडा त्याला पनवेलच्या पलीकडे ठेवावा लागला, आणि पेढेही त्यालाच वाटावे लागले, कारण चिटणीस तो. अण्णांचं तरुणपण दोन तुकडे होऊन माळ्यावर परत गेलं, आणि अख्खा हिवाळा त्यांनी बंद गाडीत काढला. दत्तारामची पँट गेली. बदल्यात लालबागेत तो आता सांगतो की विजयकरांच्या मुलीला घोड्यावर बसायला नाही, बोलायला आपण शिकवलं. वल्लरीनं तिची रीत भरली. तो आवाज मोबाइलवर टिपला गेला होता, संध्याकाळच्या आत गिरगावात पोचला, आणि तिच्या आईला अजून कोणी ना कोणी विचारतं की वडे केव्हा. वल्लरीला विचाराल तर सौदा स्वस्तात पडला. घोडीनं काही भरलं नाही. तिला उलट त्या दिवशी दत्तारामच्या डब्यातला खरा वडा मिळाला, आणि तो तिनं थुंकला.

पण सगळ्यांत मोठी रक्कम अंबिकाबाईंची. वल्लरीची डावी टाच पहिल्या पावलापासून शेवटच्या पावलापर्यंत वर उचललेली होती, बाईंना ती सतत दिसत होती, आणि त्या अख्खा वेळ गप्प बसल्या होत्या.